डोंगर आपोआप पेटत नाहीत

उन्हाच्या तडाख्याने डोंगर पेटतात, हे या सदरातील एका पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. ऊन गवत वाळवते. काडी माणूस लावतो. सांगली जिल्ह्यातला दंडोबा डोंगर असो वा साताऱ्याचा यवतेश्वर, कुणी बांध पेटवून निघून जातो, कुणी पुढच्या साली गवत जोमाने येईल म्हणून मुद्दाम जाळतो. कोवळे फुटवे लवकर दिसतात खरे, पण झाडांची रोपे, पक्ष्यांची घरटी जातात आणि उघडी माती पहिल्या वळवात ओढ्याला लागते. लॉस एंजेलिसच्या जानेवारी २०२५ मधल्या वणव्यांमागे निदान सुसाट कोरडे वारे तरी होते! धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभे राहिलेले सागरेश्वर अभयारण्य एका बिडीने पेटू शकते. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी गवत वाळण्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढल्या का, हे आधी वन विभागाला विचारावे.

— एक वाचक, माधवनगर (जि. सांगली)