पेटी माझी, सामान सगळ्यांचं

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात मंडईत ओळखीच्या एक शिक्षिका भेटल्या. म्हणाल्या, "काय हो, मुलाखतीला आला नाहीत?" त्यांच्या शाळेत पूर्णवेळ जागेसाठी मी अर्ज केला होता. सहा वर्षं अर्धवेळ शिकवते आहे, आशा होती. मी म्हटलं, "अहो, मला बोलावणंच आलं नाही!" तर म्हणे, "ईमेल केलं होतं. पेटी भरली आहे म्हणून परत आलं. फोन करायचा राहूनच गेला."

जागा भरली गेली होती. कोथिंबीर न घेताच घरी आले.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "पेटी भरेपर्यंत तुझं लक्ष कुठं होतं?" मी काही बोलले नाही. रात्री सगळी निजानीज झाल्यावर फोन घेऊन बसले. जीमेल उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवलं की किती जागा भरली ते दिसतं. पाहते तर काय, माझी पत्रं जेमतेम एक जीबी! बाकी चौदा जीबी फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपची साठवण. ह्यांचा फोन आणि मुलाचा टॅब मीच सुरू करून दिला होता आणि दोन्हींत खातं माझंच घातलं होतं. घरातल्या कपाटात आपल्या वाट्याला एक खण येतो ना, तशी गत! पेटी माझ्या नावाची आणि माझ्याच पत्राला जागा नाही.

तर आधी हे समजून घ्या. गूगलच्या खात्यावर फुकट मिळणारी १५ जीबी जागा एकट्या पत्रांची नसते. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो, तिघांची मिळून असते. १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेले फोटो त्यात धरले जातात. अँड्रॉइड फोनवरची व्हॉट्सॲपची साठवणही आता त्यातच मोजतात. जागा संपली की आपल्याला पत्र पाठवता येत नाही आणि आलेलं पाठवणाऱ्याकडे परत जातं. काय परत गेलं, ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

आवरायला बसलात तर जाहिरातींची पत्रं एकेक करून पुसत बसू नका. मी तासभर तेच केलं, काटा हलला नाही. नुसत्या मजकुराचं पत्र अगदी हलकं असतं. हजार पत्रं काढली तरी लग्नाच्या एका लांबलचक व्हिडिओएवढी जागा होत नाही. म्हणून मोठ्या डब्यांना आधी हात घाला.

पहिला डबा व्हिडिओंचा. पण सांभाळून! फोटोंच्या ॲपमधून पुसलेलं बऱ्याचदा फोनमधूनही जातं. बारशाचे, सासूबाईंच्या पंचाहत्तरीचे असे जपायचे फोटो आणि व्हिडिओ आधी संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा, उघडून पाहा, मगच पुसा.

दुसरा व्हॉट्सॲपचा. सेटिंगमध्ये चॅट बॅकअप असतं, तिथं व्हिडिओ साठवणं बंद करा. रोजच्या सुप्रभातांची फुलं जन्मभर कशाला जपायची?

तिसरा, जड पत्रं. जीमेलच्या शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'लार्जर' लिहा, लगेच कोलनची दोन टिंबं, मग इंग्रजीच आकड्यांत दहा आणि त्याला चिकटून एम. मध्ये जागा सोडू नका. दहा एमबीपेक्षा मोठी पत्रं तेवढी समोर येतात. विम्याचे, कराचे, दाखल्यांचे कागद उतरवून घ्या, मग पुसा.

पुसलेलं सगळं 'बिन' किंवा 'ट्रॅश' नावाच्या टोपलीत पडून राहतं आणि जागा अडवतं. जीमेलची टोपली ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते, फोटोंची ६०. घाई असेल तर तिन्ही ठिकाणच्या टोपल्या हाताने रिकाम्या करा. मात्र एकदा टोपली ओतली की आतलं परत मिळत नाही.

"तुमची पेटी भरली, इथं दाबा" अशी पत्रं येतात, त्यांतली काही फसवी असतात. दाबू नका. आपलं ॲप उघडून स्वतः बघा. भरलेल्या पेटीकडे वर्षानुवर्षं दुर्लक्षही नको. दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिली तर आतलं सामान काढून टाकलं जाऊ शकतं.

आमच्याकडे दोन रात्रींत नऊ जीबी मोकळे झाले. ह्यांच्या फोनवर ह्यांचं खातं घातलं, टॅबवरचं फोटो चढवणं बंद केलं. हे जरा कुरकुरले, "आता मला माझा पासवर्ड लक्षात ठेवायचा?" म्हटलं, "हो, ठेवायचा!"

गेलेली जागा काही परत येत नाही. पण दुसऱ्या एका शाळेची जाहिरात आली आहे, अर्ज धाडला आहे. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, वाण्याची यादी केली की, पेटी बघते. तुम्हीही आज दुपारची भांडी आवरली की पाच मिनिटं बसा आणि बघा, तुमच्या नावाच्या पेटीत तुमच्यासाठी जागा आहे ना?