परवानगी कचेरीची, संमती गावाची

आपल्या व्यापारी समाजातील पुष्कळ पेढ्यांनी पवनचक्क्यांच्या व्यवसायात भांडवल घातलेले आहे. बेळगावात दुकानाच्या गादीवर बसून सातारा जिल्ह्यातील पठारावर अथवा गदगच्या टेकड्यांवर आपली चक्की फिरत असल्याचे समाधान अनेकांस लाभले. आपण तिकडे कशासाठी वळलो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चक्कीच्या किमतीवर एके काळी वर्षाला ८० टक्क्यांपर्यंत घसारा वजा मिळत असे. १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्क्यांवर आला. या सवलतीच्या ओढीने आपण गेलो आणि त्यात गैर असे काही नाही. तथापि आपण यंत्र पाहिले, हिशेब पाहिला. ज्या गावच्या शिवारात ते यंत्र उभे राहावयाचे, ते गाव मात्र फारच थोड्यांनी पाहिले.

हा विषय आज पुन्हा निघण्यास कारण आहे. जुन्या चक्क्या उतरवून त्यांच्या जागी मोठ्या चक्क्या बसविण्यासंबंधीचे धोरण केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केले. जुनी चक्की साडेतीनशे किलोवॅटची असे. नवी दोन-तीन हजार किलोवॅटची असते. मोठ्या चक्कीस पाया मोठा लागतो, पाती वाहून नेण्यास रस्ता रुंद लागतो, नवी वीजवाहिनी लागते. आणि त्या प्रत्येकापायी कोणाच्या तरी शेतातून जावे लागते. म्हणजे परवानग्यांचा जुना अध्याय आपणांस पुन्हा उघडावा लागणार आहे.

आपण सीमाभागातील माणसे. एका राज्यातील उतारा कन्नडमध्ये, दुसऱ्यातील सातबारा मराठीत, आणि कायदेही दोन. कर्नाटकात शेतजमीन बिनशेती करण्याची व्यवस्था १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाने घातली. महाराष्ट्रात तेच काम १९६६ च्या जमीन महसूल संहितेने केले. याशिवाय वनजमीन असेल तर वनखात्याची संमती आणि मनोऱ्याच्या उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा दाखला लागतो. सांबऱ्याच्या धावपट्टीजवळ राहणाऱ्यांस त्याचे प्रयोजन समजावून सांगण्याची गरज नाही.

हा पसारा पाहून आपले व्यापारीबंधू त्रासतात आणि ‘कायदे कमी करा’ अशी मागणी करतात. ती मागणी बऱ्याच अंशी मान्यही झालेली आहे. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावर कर्नाटकात जे निर्बंध होते, ते २०२० च्या दुरुस्तीने उठले. खऱ्याखुऱ्या उद्योगासाठी शेतजमीन घेण्याची मोकळीक महाराष्ट्राच्या कूळकायद्यात पूर्वीच आलेली आहे. बिनशेतीची वाटही दोन्ही राज्यांनी वेळोवेळी सोपी केली. पर्यावरण-परिणामांसंबंधीच्या २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जेचा समावेशच नाही. त्यामुळे त्या अधिसूचनेखालील जनसुनावणी तिला लागू होत नाही. २०१६ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिला सर्वांत निरुपद्रवी अशा ‘पांढऱ्या’ वर्गात घातले.

आमचे म्हणणे असे की, कचेरी जितकी सैल होते, तितका आपल्यावरील भार वाढतो. पूर्वी एखादी गोष्ट अधिकारी विचारीत असे. आता ती विचारणारा कोणी उरला नाही, तर ती आपणच स्वतःस विचारली पाहिजे. परवानगी ही कागदावरची वस्तू आहे. चक्की मात्र वीस-पंचवीस वर्षे जमिनीवर उभी राहावयाची असते, आणि तितकी वर्षे तिला शेजार लागतो तो गावाचा, कचेरीचा नव्हे.

आमच्या माहितीतील एका पेढीचे उदाहरण येथे देतो. जागेचे खरेदीखत झाले, परवानग्या आल्या, यंत्राचे भाग गावाच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचले, आणि तेथेच अडले. वाटेतील शेत तीन भावांच्या सामाईक मालकीचे. दलालाने सही घेतली ती एकाचीच. उरलेल्या दोघांनी बांधावर उभे राहून वाट अडविली. पेढीच्या मालकांनी दलालास दोष दिला. आमच्या मते दोष त्या दोन भावांचा तर नव्हताच, आणि एकट्या दलालाचाही नव्हता. मालकांनी ते शेत एकदाही पाहिले नव्हते. ज्या गृहस्थाने वाणाची पारख केल्याखेरीज धान्याचे पोते कधी घेतले नाही, त्याने एवढा मोठा व्यवहार नमुना न पाहता करावा, याचे आम्हांस आश्चर्य वाटले.

आणखी एका गोष्टीकडे आपल्या समाजाचे लक्ष विशेषेकरून वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यांचा धाक उरला नाही म्हणून सरडे वाढले, परंतु त्यांची प्रकृती मात्र क्षीण झाली. धूर न काढणारे यंत्र निष्पाप असतेच असे नाही. पांजरपोळास देणगी देणाऱ्या समाजाने आपल्या भांडवलाचे पाते कोठे फिरते, याची चौकशी करू नये काय? कायदा ती करावयास लावीत नाही, एवढे उत्तर आपल्याला पुरेसे वाटू नये.

कोणी म्हणतील, ही सारी कामे विकासक कंपनीची; आपण केवळ पैसा घालणारे. परंतु खरेदीखतावर नाव आपले असते, घसारा आपण घेतो, आणि गावकरी ‘शेठजींची चक्की’ असेच म्हणतात. कोणी म्हणतील, गावास विचारू गेले तर मागण्या वाढतील आणि विलंब होईल. होईल, पण बांधावर अडलेल्या यंत्राचा विलंब त्याहून मोठा असतो.

यास्तव आमच्या चार सूचना आहेत. पहिली, रक्कम देण्यापूर्वी मालकाने अथवा घरच्या जबाबदार माणसाने स्वतः शिवारात जावे आणि उतारा, फेरफार, वारसांची नावे व रस्त्याची वहिवाट तपासावी. दुसरी, आराखडा ग्रामसभेपुढे लोकांच्या भाषेत ठेवावा, आणि तोही सह्या होण्याआधी. तिसरी, वस्तीपासून ५०० मीटरच्या आत चक्की उभारू नये, असे केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. ते अंतर टेप धरून मोजावे, नकाशावर अंदाजाने नव्हे. चौथी, आयुष्य संपलेली चक्की उतरवून जमीन पूर्ववत करण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून वहीत धरावा. ओसाड माळावर गंजणारा मनोरा ही आपल्या पेढीची पाटीच होय.

या कामी सभासदांस साहाय्य करण्यासाठी संघाने दोन्ही राज्यांचा महसूल कायदा जाणणारे वकील आणि दोन-तीन अनुभवी सभासद यांची एक लहानशी समिती नेमावी, अशी आमची विनंती आहे. नियम वारंवार बदलतात; गेल्या वर्षी चाललेला कागद यंदा चालेलच असे नाही.

पेढीची पत बाजारात असते, तशी ती गावातही असावी लागते. बाजारातील पत आपल्या वाडवडिलांनी मिळवून ठेवली आहे. गावातील पत आपणांस मिळवावयाची आहे, आणि ती कोणत्याही कचेरीच्या शिक्क्याने मिळत नाही.