रोट्याचे भोपळे आणि अचौर्य

दक्षिण स्पेनमध्ये काडिझच्या आखाताकाठी रोटा हे छोटेसे गाव वसले आहे. काडिझहून बोटीने आखात ओलांडले की पांढरी घरे, अरुंद गल्ल्या, रुंद वालुकामय किनारा आणि ‘लूना’ नावाचा जुना किल्ला दृष्टीस पडतो. या किल्ल्यात आज नगरपालिकेचे कार्यालय आहे. गावाला लागूनच विस्तीर्ण नाविक तळ असून तेथे स्पेन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या युद्धनौका असतात.

तळ होण्यापूर्वी रोटा भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध होते. येथील लहान शेतकऱ्यांना ‘मायेतो’ म्हणतात. रेताड जमिनीत ते कष्टाने टोमॅटो आणि भोपळे पिकवीत. 19व्या शतकातील लेखक पेद्रो आंतोनियो दे आलार्कोन यांनी अशाच एका वृद्ध शेतकऱ्याची कथा लिहिली आहे. तोडणीच्या आदल्या रात्री त्याचे चाळीस भोपळे चोरीस जातात. तो काडिझच्या बाजारात जातो आणि एका विक्रेत्यापाशी आपले भोपळे ओळखतो. पुरावा मागितला जाताच तो वेलींवर उरलेले देठ पुढे करतो. एकेक देठ आपापल्या भोपळ्यावर तंतोतंत बसतो. त्याला पैसे मिळतात. तरी परतताना एक भोपळा बियांसाठी घरी आणायला हवा होता, अशी हुरहूर त्याच्या मनात राहते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, सांगितले आहे. चोरी स्वतः केली नाही, एवढ्याने विक्रेता निर्दोष ठरत नाही. वस्तू कोठून आली, हे विचारणे हेही व्रतच होय.

1953 मध्ये स्पेन आणि अमेरिका यांच्यात करार झाला आणि रोट्याची पुष्कळ शेतजमीन तळासाठी संपादित करण्यात आली. तेव्हा देशात जनरल फ्रँको यांची हुकूमशाही होती. शेतकऱ्याच्या संमतीला मोल नव्हते. ते संपादन कायद्याने झाले, त्याला चोरी म्हणता येणार नाही. परंतु चाळीस भोपळ्यांसाठी ज्या गावच्या शेतकऱ्याला बाजारात न्याय मिळाल्याची कथा सांगितली जाते, त्याच गावच्या शेतकऱ्यांनी शेतच गेल्यावर कोणते देठ कोणापुढे ठेवावेत?

रोट्याला जाणारा प्रवासी समुद्र पाहतो, किल्ला पाहतो. तळाच्या कुंपणापाशी क्षणभर थांबून त्याने त्या देठांचेही स्मरण करावे.