लाव्ह्याची लेखणी

इटालियन फाउंटन पेन घेणे ही चैनच, हे आम्हांस मान्य आहे. फ्लॉरेन्सच्या व्हिस्कोंतीचे आमचे नवे 'होमो सेपियन्स' एटना ज्वालामुखीचा बेसाल्ट रेझिनमध्ये मिसळून घडवलेले आहे. ते हाती धरताच आम्हां शहापूरकरांना माहुली आठवतो, तोही लाव्ह्याचाच. मुरबाडकडून नाणेघाट चढले, की त्याच काळ्या दगडात सुमारे २००० वर्षांपूर्वी कोरलेला, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख भेटतो. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे त्यात आहेत. छिन्नी कितीला पडली, हे आज कोणी विचारत नाही. लेख मात्र वाचला जातो. म्हणून लेखणीची चैन खुशाल करावी, पण ती लिहून फेडावी. पेटीत जपून ठेवलेले पेन म्हणजे नुसता महागडा दगड.