"मेल आलाच नाही," असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं

आज जरा लांबलचक लिहितोय. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. तो तुमच्या-आमच्या तक्रारअर्जांपर्यंत येऊन पोचतो. आणि यात चूक माझी आहे, हे आधीच कबूल करतो.

१५ ऑगस्टची ग्रामसभा झाली आणि दोन दिवसांनी एका ताईंचा फोन आला. इथून वीस-बावीस किलोमीटरवरचं खेडं. शाळेतल्या एका वर्गाच्या छताचं प्लास्टर सुटून सळ्या उघड्या पडल्यात. त्याचे तीन फोटो त्यांनी ६ तारखेला आमच्या साप्ताहिकाच्या मेलवर पाठवले होते. ग्रामसभेआधी बातमी आली तर विषय रेटता येईल, एवढंच त्यांचं गणित. बातमी आली नाही. ग्रामसभेत छताचा विषय "पुढच्या वेळी बघू" म्हणून गुंडाळला. पुढची वेळ म्हणजे २ ऑक्टोबर. तोवर पाऊस तोच, वर्ग तोच आणि पोरंही तिथंच.

"दादा, तुम्ही पण छापलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "ताई, मेल आलाच नाही." त्या म्हणाल्या, "माझ्या मोबाईलमध्ये तर गेलेला दिसतोय." मी ऐटीत सांगितलं, पत्ता चुकला असेल. वीस वर्षं पत्रकारितेत काढल्यावर माणसाला एक वाईट खोड लागते. समोरचाच चुकला असणार, असं वाटायला लागतं.

फोन ठेवला, पण चैन पडेना. आमचा मेल सर्व्हर ऑफिसातच आहे. एक जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स. एका मित्राच्या मुलानं बसवून दिलेला, तो आता पुण्यात नोकरीला. त्याला रात्री फोन लावला. तो म्हणाला, "काका, आधी लॉग बघा." बघितला. मेल ६ तारखेलाच आला होता, संध्याकाळी. पत्ता बरोबर, सगळं बरोबर. आणि अकरा दिवस तो स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडून होता.

आता का पडून होता, ते समजून घेण्यासारखं आहे.

आमच्याकडे स्पॅमअसॅसिन नावाची गाळणी चालते. ती प्रत्येक मेलला गुण देते. विषय लिहिलेला नाही, इतके गुण. मजकूर संशयास्पद, इतके गुण. मुळात ५ गुण झाले की मेल स्पॅम ठरतो. शिवाय ही गाळणी आणखी दोघांना विचारते, रेझर आणि पायझॉर. ही सामुदायिक गाळणी. रेझर विपुल वेद प्रकाश या भारतीय तरुणानं १९९८ मध्ये सुरू केली. कल्पना एकदम आपल्या चावडीवरची. एकाला भामटा भेटला की त्यानं चारचौघांना सावध करायचं. जगभरातले लोक "हा मेल स्पॅम आहे" असं कळवतात, त्या मेलचा एक ठसा काढून मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवला जातो. तुमच्याकडे तोच ठसा असलेला मेल आला की तुमची गाळणी सावध होते. रेझरचा सर्व्हर खुला नव्हता, म्हणून पुढे त्याच धर्तीवर पायझॉर आलं, ते पूर्ण खुलं.

ताईंच्या मेलला मजकूरच नव्हता. विषयाची ओळही कोरी. नुसते तीन फोटो. आपल्याकडे बहुतेक लोक असेच मेल पाठवतात. पायझॉर ठसा काढतं तो मजकुराचा, फोटोंचा नाही. आणि कोऱ्या मजकुराचा ठसा जगात कुठेही एकच निघतो. स्पॅमवाल्यांनी कोरे मेल पाठवले, लोकांनी ते कळवले, आणि तो ठसा कायमचा बदनाम झाला. म्हणजे आमच्या ताई आणि कुठला तरी परदेशातला भामटा, दोघांचा ठसा एकच! काही न लिहिणारे सगळे त्या यंत्राच्या लेखी एक.

पण खरी गोष्ट पुढे आहे. पायझॉरचे आणि कोऱ्या विषयाचे गुण मिळून तीनच्या थोडे वर गेले होते. पाचची मर्यादा असती तर मेल सुखरूप माझ्या पुढ्यात आला असता. मर्यादा तीन कुणी केली? मीच. फेब्रुवारीत अचानक स्पॅमचा पूर आला. लॉटरी, कर्ज, औषधं, काय नाही ते. मी वैतागून पाचाचे तीन केले. पूर ओसरला. मी खूश.

पूर का आला, हे मात्र तेव्हा बघितलं नाही. ते आता बघितलं.

पोरानं फोनवर एकेक पायरी सांगितली. पहिली सूचना मला फार आवडली. "काका, रूट होऊन तपासू नका. गाळणी ज्या युजरच्या नावानं चालते, तोच युजर होऊन तपासा. रूटला सगळं चालतं, फाइली सापडतात, परवानग्या असतात. बिचाऱ्या साध्या युजरला त्याच फाइली उघडत नाहीत." मला हसू आलं. साहेबांच्या पाहणी दौऱ्यात दवाखान्यात औषधं असतात, डॉक्टर असतात, पंखेसुद्धा फिरतात. आजारी माणूस म्हणून रांगेत उभं राहिल्यावर खरं कळतं.

मग गाळणी तपशीलवार बोलेल अशा पद्धतीनं चालवली. पायझॉरला हाक मारली, लगेच ओ दिली. रेझरला मारली, काही नाही. पाच सेकंद वाट बघायची आणि पुढे जायचं, असा तिचा नियम. रेझरचं बोलणं टीसीपीच्या २७०३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून जोडून बघितलं तर झटक्यात जोडलं गेलं. ऑफिसच्या लाइनवरून नाही. म्हणजे दोष मधल्या राउटरमध्ये. फेब्रुवारीत नवा राउटर बसला होता, आणि त्यानं बाहेर जाणारे अनोळखी टीसीपी पोर्ट बंद केले होते. पायझॉर यूडीपीवरून बोलतं, म्हणून ते वाचलं.

सहा महिने रेझर बंद होतं. ना घंटी वाजली, ना कुणी सांगितलं. गाळणी आपली चालूच, एक कान बंद ठेवून. आणि तो कान उघडायच्या ऐवजी मी दार अर्धं लावून घेतलं.

आता सगळं दुरुस्त केलंय. पोर्ट उघडला. मर्यादा पुन्हा पाचवर नेली. कोऱ्या मजकुराचा ठसा आमच्यापुरता पायझॉरच्या स्थानिक सूट यादीत टाकला. आणि स्पॅमचा फोल्डर रोज सकाळी अकरा वाजता माणसानं उघडून बघायचा, असं ठरवलं. शाळेच्या छताची बातमी गेल्या शुक्रवारी पहिल्या पानावर घेतली, फोटोंसकट. उशिरा घेतली, हेही त्यात लिहिलं.

आता मुद्द्यावर येतो.

चारजणांनी मिळून भामटा ओळखायचा, ही पद्धत मला आजही पटते. पण चारजणांची मोजणी म्हणजे न्याय नव्हे, हे ती बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून रेझरमध्ये कळवण्याइतकीच मागे घेण्याची सोय आहे, आणि कळवणाऱ्याचीही पत ठरते. ज्याचं सांगणं वारंवार खोटं निघतं त्याच्या शब्दाला वजन उरत नाही. पायझॉरसुद्धा "किती जणांनी स्पॅम म्हटलं" याच्याबरोबर "किती जणांनी चांगलं म्हटलं" हाही आकडा देतं.

आपल्या गावात बघा. कुणाची पोस्ट आवडली नाही की ग्रुपवर निरोप फिरतो, "सगळ्यांनी रिपोर्ट मारा." पोस्ट जाते. रिपोर्ट मारणाऱ्याची पत कोण तपासतो? मागे कोण घेतं? एखाद्या कुटुंबाबद्दल गावात एकदा बोललं गेलं की पुढच्या पिढीलाही तोच ठसा चिकटतो. यंत्राला मागे घेणं शिकवलं, आपल्याला अजून जमत नाही.

दुसरं, कार्यालयांबद्दल. हल्ली प्रत्येक फलकावर तक्रारीसाठी ई-मेल पत्ता असतो. चांगली गोष्ट आहे. पण त्या पत्त्याच्या मागे एक गाळणी असते, आणि तिच्या मागे कुणी माणूस आहे का, हा प्रश्न आम्ही पत्रकारसुद्धा विचारत नाही. कागदी अर्ज दिला तर आवक क्रमांक मिळतो, शिक्का मिळतो. मेलला काय मिळतं? "तुमचा अर्ज आमच्याकडे आलाच नाही," हे वाक्य मी खिडकीवर शेकडो वेळा ऐकलंय आणि त्यावर बातम्या केल्यात. ते खोटंच असतं असं मी धरून चालायचो. आता कळलं की ते अगदी प्रामाणिकपणेही म्हणता येतं. मी म्हटलंच की.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या कार्यालयानं तक्रारीसाठी मेल पत्ता दिलाय, त्यानं पोच द्यावी, आवक क्रमांकासह. स्पॅमचा फोल्डर रोज कोण बघतो, त्या कर्मचाऱ्याचं पद फलकावर लिहावं. याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही. दहा मिनिटं लागतात.

तुम्हीही एक करा. फोटो पाठवताना वर विषय लिहा, खाली दोन ओळी लिहा: गाव, तारीख, काय झालंय. आणि पोच आली नाही तर फोन करा, त्या ताईंसारखा. त्यांनी फोन केला नसता तर मी आजही खूश असतो, की आमच्याकडे हल्ली स्पॅम येत नाही.

याआधी आम्हाला मेल पाठवून उत्तर न मिळालेले कुणी असतील, तर खाली लिहा. फेब्रुवारीपासूनचा फोल्डर मी एकेक मेल उघडून बघतोय. आतापर्यंत खऱ्या माणसांचे नऊ सापडलेत.