बंदर बंद असताना वेंगुर्ले

जून उजाडला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. शाळा-कॉलेजला लागून दोन-तीन सुट्ट्या आल्या आहेत, मुले 'कोकणात चला' म्हणून मागे लागली आहेत, पण पावसात तिथे जाऊन करायचे काय? समुद्रात उतरता येत नाही, किल्ल्याची होडी बंद, वाळूत बसता येत नाही. गेलेल्यांपैकी कितीतरी मंडळी दोन दिवस लॉजच्या खोलीत टीव्ही आणि मोबाईल पाहून परत येतात, आणि 'पावसाने सगळी ट्रिप वाया घालवली' असे सांगतात.

आम्ही बेळगावकर खरे तर पावसाला नवखे नव्हे. तरीही समुद्रकाठचा पाऊस आपल्याला अडचण वाटतो, कारण आपल्या मनात कोकण म्हणजे डिसेंबर आणि मे महिन्याचे कोकण असते. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. शिडांच्या जहाजांवर वाढलेले गाव नीट भेटते ते पावसाळ्यातच. म्हणून या वेळी वेंगुर्ल्याविषयी लिहिते. बेळगावहून आंबोली घाटाने सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेले हे गाव एके काळी आपलेच बंदर होते.

आधी तेच सांगते. १६३७ च्या सुमारास डच व्यापाऱ्यांनी इथे वखार घातली. परवानगी दिली विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाने, म्हणजे ज्याच्या कबरीवर गोल घुमट उभा आहे त्याने. शाळेच्या सहलीत गोल घुमटाच्या गॅलरीत ओरडून आलेल्या मुलांना हे सांगून बघा, इतिहास एकदम घरचा वाटू लागतो. डचांनी या वखारीतून गोव्याच्या पोर्तुगीजांवर पाळत ठेवली, आणि इथून गेलेली त्यांची पत्रे आज शिवकाळाच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात. पुढे १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून गाव इंग्रजांकडे गेले. बेळगावात इंग्रजांची छावणी पडल्यावर पलटणी जहाजाने वेंगुर्ल्याला उतरत आणि घाट चढून बेळगावला येत. बेळगावात कॅम्प आहे तसा वेंगुर्ल्यातही 'कॅम्प' भाग आहे, तो उगाच नाही. कर्नाटकाच्या पठारावरचा माल याच वाटेने खाली उतरे. १८८० च्या दशकात मुरगावहून कॅसलरॉकमार्गे रेल्वे आली, माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. गाव शांत राहिले, ते आजही बरेचसे तसेच आहे.

आता पावसाचे. शिडाचे जहाज वाऱ्यावर चालते, आणि नैर्ऋत्येचा वारा खवळला की कोकणच्या बंदरांत ते चालत नाही. म्हणून मे संपता संपता गलबते, मचवे, पडाव किनाऱ्यावर ओढून घेत, वरून झापांनी शाकारत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद. मुंबईहून कोकणात येणाऱ्या आगबोटींचे वेळापत्रकसुद्धा पावसाळ्यापुरते थांबत असे. आज मासेमारीच्या बोटी यंत्राच्या आहेत, पण जूनच्या आरंभापासून त्याही सरकारी बंदीमुळे किनाऱ्याला असतात. मग या दिवसांत गाव करते काय? जाळी दुरुस्त करते, फळ्यांच्या फटी बुजवते, दोरखंड तपासते, उधारीचे हिशेब बघते आणि गप्पा मारते. एरवी ज्याला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते, तो माणूस या दिवसांत पडवीत जाळे घेऊन बसलेला असतो. पावसाळी पाहुण्याला याहून काय हवे?

पण गप्पांआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पावसाळ्यात समुद्रात पाऊलही टाकायचे नाही. पाऊस थांबून ऊन पडले म्हणजे समुद्र निवळला असे होत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट याच दिवसांत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती तर सराईतांच्या हातातली मोठी बोट होती. किनाऱ्यावरची कोळी मंडळी 'नको' म्हणाली की विषय संपला पाहिजे. फोटोसाठी बंदराच्या ओल्या दगडांवर उतरणाऱ्या तरुण मुलांना घरातल्या मोठ्यांनी ओरडायला अजिबात संकोचू नये.

पहिला कार्यक्रम बंदरावरचा. पावसाची सर ओसरली की छत्र्या घेऊन जायचे, लांबून लाटा बघायच्या, आणि झापाखाली किंवा ताडपत्रीखाली कोणी काम करत असेल तर विचारून जवळ बसायचे. मुलांच्या हातात वही द्यायची. आमची धाकटी जाऊ धारवाडची, तिचा मुलगा कन्नड माध्यमात आणि माझा मराठी. गेल्या पावसाळ्यात या दोघांना आम्ही एकच काम दिले होते: होडीच्या प्रत्येक भागाचे नाव विचारा आणि दोन्ही भाषांत लिहा. जाळे विणणाऱ्या आजोबांनी मराठी शब्द सांगितले, कन्नड शब्द जाऊबाईंनी. बंदर म्हणजे बंदरू. सुकाणू म्हणजे चुक्काणी. शीड म्हणजे हायी, शिडाची होडी ती हायीदोणी. मराठीत शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर एकच. कन्नडमध्ये शेतातला नेगिलु आणि जहाजाचा लंगरू. उलट वल्ह्याला कन्नडमध्ये हुट्टु म्हणतात, आणि जन्मालाही हुट्टुच. मग हुट्टुहब्ब म्हणजे वल्ह्याचा सण का, यावर दोन्ही पोरे पोट धरून हसत होती. बंदर, लंगर हे शब्द फारसी, सुकाणू मूळ अरबी. परदेशी खलाशांबरोबर ते किनाऱ्यावर उतरले आणि आपल्या दोन्ही भाषांनी त्यांना ठेवून घेतले. वर्गात तास घेऊनही जे पटवता येत नाही ते एका पावसाळी सकाळी झाले.

त्या वहीत एक गोष्ट मात्र मला खुपली. यंत्राच्या भागांची नावे आजोबांचा नातू भराभर सांगत होता. शिडाच्या दोऱ्यांची वेगवेगळी नावे फक्त आजोबांनाच येत होती, आणि तीही आठवून आठवून. शिडाची होडी हाकलेली ही बहुधा शेवटची पिढी. ही नावे पुढच्या पावसाळ्यात विचारू म्हटले तर सांगायला कोणी असेलच असे नाही. मुलांची वही म्हणून जपून ठेवली आहे.

दुसरा कार्यक्रम वखारीचा. डच वखारीची इमारत पडझड झालेली, भिंतींवर झाडे वाढलेली. पावसात आत शिरणे धोक्याचे, तेव्हा बाहेरूनच बघावी. जांभ्या दगडाच्या त्या जाड भिंती बघून मुलांना विचारावे की एवढा माल इथे का साठवावा लागत असेल. उत्तर पावसातच आहे: जहाजे येण्याजाण्याचे महिने मोजके, म्हणून माल आधी गोळा करून कोरडा ठेवणे भाग होते. वखार म्हणजे पावसाळा पार पाडायची सोय.

तिसरे ठिकाण शेतकरी घरांना जास्त आवडेल. वेंगुर्ल्यात कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये आलेला 'रत्ना' आंबा इथला, आणि १९९२ मधला पातळ कोयीचा 'सिंधू'सुद्धा इथलाच. काजूच्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जाती चंदगड-खानापूरकडच्या काजूवाल्यांना नव्याने सांगायला नकोत. कलमे लावायचे दिवस पावसाळ्याचेच. आधी फोन करून उपलब्धता विचारावी. सहलीहून परतताना गाडीत शंखशिंपल्यांऐवजी दोन कलमे असतील तर ती आठवण वाढत राहील.

काजूवरून आठवले. गावात आणि आसपास काजूचे कारखाने आहेत. ओळखीने किंवा विनंतीने एखादा बघायला मिळाला तर जरूर बघा. बी वाफवणे, फोडणे, गर वाळवणे, साल काढणे आणि मग निवडणे, यातले बरेचसे काम बायकांच्या हातांचे. दुकानात 'डब्ल्यू ३२०' असे लिहिलेले असते त्याचा अर्थ एका पौंडात साधारण ३०० ते ३२० गर. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. मुलांना मूठभर काजू मोजायला लावले की गणित खाण्यात मिसळते.

चौथे, आरवलीचा वेतोबा. वेंगुर्ल्याहून शिरोड्याच्या वाटेवर हे देऊळ आहे. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, आणि केळ्यांचे घड. त्या वहाणांसमोर लहान मुले आपले पाऊल मापून बघतात, देवही रागावत नसावा. आरवली हे जयवंत दळवींचे गाव, जन्म १९२५ चा. पुढचे शिरोडे, जिथे वि. स. खांडेकर १९२० पासून अनेक वर्षे शिक्षक होते. मंगेश पाडगावकरांचा जन्म १९२९ मध्ये वेंगुर्ल्यातच. एवढ्या छोट्या टापूत एवढे लेखक, त्यामुळे जाताना पिशवीत त्यांचे एखादे पुस्तक असू द्यावे. वीज गेली की, आणि ती जातेच, मेणबत्तीशेजारी एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. आमच्याकडे मराठीनंतर कन्नडची पाळी येते. खांडेकरांना १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले आणि त्याआधीच्या वर्षीचे धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांना; बेंद्रे तर घरात मराठी बोलणारे आणि कन्नडचे थोर कवी. आपल्यासारख्या घरांना दोन्ही पुस्तके एकाच पिशवीत नेण्यात नवल नाही.

पाऊस अगदीच हटेना तर पाचवा कार्यक्रम सावंतवाडीचा, तासाभराच्या आत पोचता येते. चितार आळीत लाकडी खेळणी, आणि राजवाड्यात गंजिफा. गोल पत्त्यांवर हाताने रंगवलेले दशावतार, दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशेवीस पाने: राजा, प्रधान आणि एक ते दहा. हाच खेळ म्हैसूर दरबारातही होता. मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी त्याचे स्वतःचे मोठमोठे डाव रचले. वाड्याची वेळ आधी विचारून घ्यावी. खोलीवर परतल्यावर पुठ्ठ्याची गोल पाने कापून मुलांकडून मत्स्य आणि कूर्म हे दोन संच रंगवून घ्या. चोवीस पानांत अख्खी दुपार जाते, मोबाईलची आठवण होत नाही.

खाण्याचे सांगितले नाही तर संपादक रागावतील. ताजी मासळी या दिवसांत कमी आणि महाग, म्हणून सुक्या बांगड्यावर आणि शाकाहारावर प्रेम करायचे. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, टाकळ्याची भाजी, सोलकढी. नारळाच्या रसातले शिरवाळे पानात आले की आमच्या जाऊबाई 'इदु नम्म शाविगे' म्हणून हक्क सांगतात, आणि घावण्याला नीर दोसेची बहीण मानतात. वाद वाढला की आम्ही दोन्ही पक्षांना आणखी वाढतो.

जाणाऱ्यांसाठी थोडे सामानाचे. आंबोली घाटात धुके असते आणि शनिवार-रविवारी धबधब्याशी गर्दी, म्हणून सकाळी लवकर निघून उजेडात घाट उतरावा. शेवाळलेल्या जांभ्यावर घसरते, तळ पक्का असलेली पादत्राणे घालावीत. बॅटरी, जास्तीचे टॉवेल, थोडी रोख रक्कम आणि दोन रेघी वह्या. एक मराठीसाठी, एक कन्नडसाठी. आणि घरातली आजी किंवा अज्जी यायला तयार असेल तर तिला गाडीत पुढची जागा द्या. पावसात चालणे तिला जमणार नाही, पण पडवीत बसून समोरच्या म्हाताऱ्या माणसाशी गप्पा कशा सुरू करायच्या, हे तिच्याइतके कोणाला येते?