चाचे पकडले, पुढे काय?

भर समुद्रात चाच्यांना पकडणे अवघड खरेच. परंतु पकडलेल्या चाच्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. गेल्या पाव शतकात मुंबईने याचा वारंवार अनुभव घेतला आहे. 23 मार्च 2024 रोजी ‘आयएनएस कोलकाता’ ही युद्धनौका 35 सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईत आली. माल्टाचा ध्वज असलेले ‘रुएन’ हे जहाज त्यांच्या ताब्यात होते. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे 2,600 किलोमीटरवर चाळीस तास चाललेल्या कारवाईत नौदलाने त्यांना शरण आणले आणि 17 खलाशांची सुखरूप सुटका केली. नौदलाच्या या कामगिरीचे कौतुक व्हायलाच हवे. तथापि, चाचेगिरीविरुद्धच्या लढाईचा खरा कस लागतो तो न्यायालयात, आणि तेथील इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही.

1999च्या ऑक्टोबरमध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियातून ॲल्युमिनियम घेऊन निघाले आणि बेपत्ता झाले. चाच्यांनी 17 खलाशांना तराफ्यावर सोडून दिले आणि जहाजाचे नावही बदलले. भारतीय तटरक्षक दल व नौदलाने पाठलाग करून नोव्हेंबरमध्ये ते अरबी समुद्रात पकडले. पंधरा इंडोनेशियन आरोपींना मुंबईत आणण्यात आले. परंतु तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेत चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. दरोडा, बनावट कागदपत्रे अशा कलमांचा आधार घेत खटला उभा करावा लागला. सत्र न्यायालयाने 2003 मध्ये सात वर्षांची शिक्षा सुनावली. 2005 मध्ये उच्च न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले.

यातून धडा घ्यायला हवा होता. तो लगेच घेतला गेला नाही. जानेवारी ते मार्च 2011 या काळात नौदल व तटरक्षक दलाने चार कारवायांत 120 चाचे पकडले. पहिल्या कारवाईतील आरोपींना शिक्षा झाली ती 2017 मध्ये. या विलंबाच्या काळात भारतीय खलाशांनाही मोठी किंमत मोजावी लागली. ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज खंडणी मिळाल्यावर एप्रिल 2011 मध्ये सोडण्यात आले. मात्र भारताच्या कैदेतील साथीदारांच्या सुटकेसाठी चाच्यांनी सात भारतीय खलाशांना रोखून धरले. त्यांची सुटका ऑक्टोबर 2014 मध्ये झाली.

हा विषय केवळ किनारपट्टीचा आहे, असे मानणे चूक ठरेल. नेवासे तालुक्यातील घोडेगावसारख्या कांदा बाजारांतून परदेशी जाणारा माल न्हावा-शेवा बंदरातूनच निघतो. जहाज उद्योगाने 2010 मध्ये ‘अतिजोखमी’च्या क्षेत्राची सीमा 78 अंश पूर्व रेखांशापर्यंत आणली, तेव्हा भारताचा संपूर्ण पश्चिम किनारा त्यात आला आणि विम्याचा बोजा वाढला. ही सीमा मागे घेण्यास डिसेंबर 2015 उजाडला. जहाजाचे भाडे आणि विमा वाढला की निर्यातदार आपला हिशेब खरेदीच्या भावातच जुळवतो. समुद्राचे तोंडही न पाहिलेला शेतकरी अशा रीतीने चाच्यांच्या खंडणीचा वाटेकरी होतो.

आता भारताकडे 2022चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा आहे. चाचेगिरीसाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा, कृत्यात बळी गेल्यास देहदंडाचीही तरतूद आणि नियुक्त न्यायालये, ही त्याची वैशिष्ट्ये. पण कायदा झाला म्हणजे न्याय झाला, असे नव्हे. साक्षीदार असलेले खलाशी निरनिराळ्या देशांचे असतात आणि सुटकेनंतर आपापल्या घरी परततात. त्यांचे जबाब तातडीने नोंदवले गेले नाहीत आणि दूरसंवादाद्वारे साक्षीची सोय झाली नाही, तर नव्या कायद्याखालील खटलेही जुन्याच वाटेने जातील.

आंतरराष्ट्रीय समुदायाची जबाबदारी येथेच सुरू होते. 1982चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा चाच्यांना पकडण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला देतो. खटला चालवण्याची सक्ती मात्र करीत नाही. म्हणूनच सोमाली चाचेगिरी ऐन भरात असताना अनेक नौदलांनी चाच्यांना नि:शस्त्र करून सोडून दिले. केनिया आणि सेशेल्स यांनी खटल्यांचा भार उचलला. पण बड्या राष्ट्रांनी गस्त घालायची आणि न्यायाचे ओझे लहान देशांनी वाहायचे, ही वाटणी न्याय्य नाही. जहाजाचा मालक, ध्वज आणि खलाशी ज्या देशांचे, त्यांनी साक्षी, पुरावे व खर्च यांत वाटा उचललाच पाहिजे.

केवळ बळाचा वापर वाढवून भागणार नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये ‘आयएनएस तबर’ने बुडवलेली नौका चाच्यांनी बळकावलेली थाई मासेमारी नौका निघाली. फेब्रुवारी 2012 मध्ये केरळजवळ इटालियन नौसैनिकांनी चाचे समजून दोन भारतीय मच्छीमारांना ठार केले. सशस्त्र रक्षकांसाठी सर्वमान्य नियम नसतील, तर निरपराधांचेच बळी जातील.

2023च्या अखेरीस नौदलांचे लक्ष लाल समुद्रातील हूथी हल्ल्यांकडे वळलेले असताना सोमाली चाचे पुन्हा सक्रिय झाले. गस्त सैल होताच चाचेगिरी उफाळते, हे यातून दिसले. सोमालियाच्या किनाऱ्यावर पोलीस, न्यायालये आणि मासेमारीचा सुरक्षित रोजगार उभा राहत नाही, तोवर युद्धनौका रोगाची लक्षणेच आवरत राहतील. तोपर्यंत ‘रुएन’सारखे खटले जलद आणि निर्दोष पद्धतीने चालवणे, हे मुंबईचे जगाप्रति कर्तव्य आहे. पकडलेला चाचा वर्षानुवर्षे निकालाविना तुरुंगात राहिला, तर त्याचा भुर्दंड समुद्रावरील खलाशालाच सोसावा लागतो, हे 2011 नंतरच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.